लेबल लावलेला गांजा

माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी गांजा लिहून दिला होता. आज हे वाक्य मी धडधडीत लिहिलं. तो होता तेव्हा माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. तेल, पावडर, ‘तुझं ते’, काय वाट्टेल ते म्हणायचे, पण गांजा नाही. त्याला गंमत वाटायची. "अगं, गांजा म्हण की. जीभ झडणारे का तुझी?" मी म्हणायचे, "हळू बोल, इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत."

आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. राहतो कसलं, आता मी राहते. मी पुण्याची, तो सोलापूरचा. चाळिशीला टेकलो होतो तेव्हा इथे आलो, माझ्या नोकरीवर, माझ्या व्हिसावर. तो माझा डिपेंडंट. बायकोच्या व्हिसावर आल्याचं त्याला कधी काही वाटलं नाही, त्याच्या भावांनाच फार वाटलं. मूलबाळ नाही. इथे आल्यावर तो एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर झाला आणि दुसऱ्याच वर्षी शिडीवरून पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं. उत्तम झालं म्हणे. डावा पाय तेवढा राहिला. कमरेपासून टाचेपर्यंत आत कुणीतरी तापलेली तार ओढतंय, असं तो सांगायचा, आणि सांगताना चेहरा असा करायचा की आपल्यालाच काहीतरी टोचावं.

गोळ्या झाल्या. एक झाली, दुसरी झाली, मग मॉर्फिन. मॉर्फिननं दुखणं कमी झालं, पण त्याच्याबरोबर माणूसही कमी झाला. वाक्य अर्धं टाकून गप्प बसायचा. मॅच लावून बसायचा आणि कोण खेळतंय विचारलं तर सांगता यायचं नाही. मी ऑफिसातून यायचे तेव्हा सकाळी ठेवलेला डबा तसाच. माझा स्वभाव तापट. मी ओरडायचे. मग रडायचे. मग त्याला भरवायचे. वर्षभर आमचं हेच चाललं होतं.

गांजाचं आम्हाला सांगितलं समोरच्या मावशींनी. मावशी म्हणजे बेने इस्राएल, मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. लग्न होऊन विशीत इथे आल्या, आता ब्याऐंशीच्या. त्यांची मुलं-नातवंडं सगळी इंग्रजीत; मराठी बोलायला त्यांना आम्हीच सापडलो होतो. त्यांचं मराठी अगदी जुनं राहिलंय, गाडीला अजून मोटार म्हणतात. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी येऊन आमच्याकडे चहा पिऊन जायच्या. एका शुक्रवारी त्यांनी कप नीट दोन बोटांत धरला. एरवी त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागायचा.

"मावशी, हात बरा दिसतोय," नवरा म्हणाला.

"गांजाचं तेल घेते रे मी. डॉक्टरानं दिलंय. जिभेखाली चार थेंब."

मी बशी खाली ठेवली. "मावशी! अहो, काहीतरीच काय!"

"अगो, कायदा झालाय त्याला किती वर्षं झाली. पेपर वाचत नाहीस का तू? आणि मला ब्याऐंशी वर्षांच्या म्हातारीला कोण पकडणार आहे? पकडलं तर पकडलं, तुरुंगात हीटिंग असतं म्हणे चोवीस तास."

नवरा कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसला. ते हसणं ऐकून मी तयार झाले, खरं सांगते. नाहीतर मी ऐकणाऱ्यातली नव्हते.

आमच्या जीपीनं, म्हणजे इथल्या सरकारी फॅमिली डॉक्टरनं, आधीच्या औषधांची कागदपत्रं दिली, स्वतः लिहून द्यायचं मात्र तिच्या हातात नव्हतं. खासगी क्लिनिकच्या स्पेशालिस्टशी व्हिडिओवर बोलणं झालं. तासभर प्रश्न विचारले त्यानं. घरात कुणाला मानसिक आजार आहे का, हृदयाचं काही आहे का, गाडी चालवता का. मग कुरिअरवाला आला, सही घेऊन खोका देऊन गेला. आत तेलाची बाटली आणि वाळक्या फुलांचा एक डबा, दोन्हींवर केमिस्टचं असतं तसं लेबल. त्याचं नाव, पत्ता, किती घ्यायचं, कधी घ्यायचं. फूल जाळून ओढायचं नाही, एका छोट्या यंत्रात गरम करून वाफ घ्यायची. औषध लेबलच्या डब्यातच ठेवायचं, गुंगी असेल तर गाडीला हात लावायचा नाही. सगळं लिहिलेलं. आमच्या खालच्या मजल्यावर एक प्लंबर राहायचा, पन्नाशीचा. तो रोज संध्याकाळी मागच्या दारात बसून बिनलेबलचा ओढायचा आणि जिनाभर वास सोडायचा. त्याला कुणी कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

मी तरी काय करावं? खोका आल्या आल्या देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. नवरा बघतच राहिला. "अगं, त्यांच्यात एक जण आहे, त्याला उलट आवडेल," म्हणाला. मी म्हटलं, "चेष्टा पुरे." उदबत्ती लावली ती वेगळ्याच कारणानं.

पण औषध लागू पडलं. जादूबिदू काही झाली नाही, पाय दुखायचाच, पण तो म्हणायचा, आता तो शेजारच्या खोलीत दुखतोय. जीपीनं मॉर्फिन हळूहळू उतरवत नेलं, दोन-तीन महिन्यांत जवळजवळ बंद. आणि माझा नवरा परत आला. एका रविवारी मी आंघोळ करून बाहेर आले तर हा ओट्याशी उभा, ज्वारीचं पीठ मळलेलं, परातीत भाकरी थापतोय. उभा! दहा मिनिटं सलग उभं राहणं म्हणजे काय, ते आमच्या घरातच कळेल. "बघत काय बसलीस, तवा बघ," म्हणाला. मी तवा बघितला नाही. पहिली भाकरी करपली ती माझ्यामुळे.

मग त्यानं नोकरी धरली, आठवड्यातून तीन दिवस, एका गोदामाच्या ऑफिसात बसून करायची. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेननं जायचा. दुपारची वाफ घ्यायला डबा आणि यंत्र पिशवीत असायचं. आणि एक दिवस हॅरोच्या स्टेशनात पोलिसांचं वासावरून शोधणारं कुत्रं येऊन त्याच्यासमोर बसलं.

त्यानं मला नंतर हसत हसत सांगितलं. म्हणाला, फार शहाणं कुत्रं, भुंकलंसुद्धा नाही. पोलिसानं त्याला भिंतीकडे घेतलं, पिशवी उघडली. ह्यानं लेबल दाखवलं, फोनवरचं प्रिस्क्रिप्शन दाखवलं. पोलीस बापडा गोंधळला. त्याला असलं काही असतं हेच नीट माहीत नव्हतं. त्यानं वायरलेसवर कुणाला तरी विचारलं, ते दुसऱ्या कुणाला विचारायला गेले. वीस मिनिटं हा पाय धरून उभा, आणि संध्याकाळची गर्दी बघत बघत जातेय. शेवटी पोलीस सॉरी म्हणाला, डबा परत दिला, नाव-पत्ता लिहून घेतला आणि सोडलं.

"नाव लिहून घेतलं?" मी विचारलं.

"हो. पद्धत असेल त्यांची."

तो बोलत होता आणि मला पुढचं काही ऐकूच येईना. आम्हाला इथे चार वर्षं होऊन गेली होती. पाच पूर्ण झाली की कायम राहण्याचा अर्ज करायचा. त्या अर्जासाठी मी पहिल्या दिवसापासून फाइल ठेवली होती. कधी देशाबाहेर गेलो, कधी आलो, बोर्डिंग पाससकट. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. काय काय बिघडू शकतं ते आधी शोधून काढायचं, याचाच मला पगार मिळतो, आणि घरी आल्यावर ते डोकं काढून खुंटीला टांगता येत नाही. अर्जात विचारतात, तुमच्या वर्तनाबद्दल आम्हाला कळायला हवं असं काही आहे का. नाही म्हणायचं? आणि पोलिसाच्या वहीत नाव निघालं तर? हो म्हणायचं? आणि त्यांनी परत पाठवलं तर? सोलापुरात हे औषध मिळेल? विमानात तर डबा नेताच येत नाही, आपल्याकडे उतरल्या उतरल्या बेड्या. मला सगळे रस्ते बंदच दिसायला लागले.

त्यात भर आमच्या लोकांची. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी त्याला स्टेशनात भिंतीशी उभं बघितलं होतं. पुढच्या रविवारी सत्यनारायण होता एकांकडे. मला कुणी काही विचारलं नाही. प्रसाद देताना एक जण फक्त एवढंच म्हणाली, "काळजी घे हं. काही लागलं तर सांग." ज्या आवाजात ते म्हणाली ना, त्या आवाजानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय केलं? मी हसून सांगितलं, "अगं, काय सांगू, पिशवीच बदलली होती ट्रेनमध्ये! दुसऱ्या कुणाची तरी होती." नवरा माझ्या शेजारी बसला होता. द्रोणातला शिरा खात राहिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर मी नाव न घेता विचारलं. अर्जाच्या आधी पोलिसांशी काही संबंध आला तर? पन्नास उत्तरं आली. कुणाच्या तरी मेहुण्याचं म्हणे पार्किंगच्या दंडावरून अडलं. कुणाच्या मैत्रिणीचं आठ महिने लटकलं. एकानं लिहिलं, ‘विषाची परीक्षा कशाला घ्यायची? वर्षभर एकदम क्लीन राहा.’ ते मला पटलं. क्लीन राहा. वकिलाला विचारावं, क्लिनिकला विचारावं, हे सुचलं नाही असं नाही. विचारलं आणि ते लेखी कुठे राहिलं तर, या भीतीनं विचारलं नाही.

मी त्याला सांगितलं, अर्जाचा निकाल लागेपर्यंत ते बंद कर.

"अगं, कायदेशीर आहे ते."

"कायदेशीर आहे तर त्या पोलिसाला का माहीत नव्हतं?"

याचं उत्तर मला आजही कुणी दिलेलं नाही. कायदा करणाऱ्यांनी कायदा केला आणि गेले घरी. पोलिसाला सांगितलं नाही, ट्रेनमधल्या लोकांना सांगितलं नाही, सत्यनारायणाला जमणाऱ्यांना तर कोण सांगणार. पण हे मी आता म्हणते. तेव्हा मी आरडाओरडा केला. तुला काय जातंय, तू आरामात वाफ घेत बसशील आणि बॅगा मला भराव्या लागतील, असंसुद्धा बोलले. असं बोलले मी त्याला. त्या आठवड्यात माझा घास गिळायचा बंद झाला होता, दारावर पोस्टमन आला तरी मी काम सोडून दाराकडे बघत बसायचे.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "बरं. थांबवतो. गोळ्या आहेतच की."

मला इतकं हलकं वाटलं! त्या दिवशी मी पोटभर जेवले. डबे, यंत्र, नवीन आलेला सीलबंद खोका, सगळं मी एका पिशवीत घालून कपाटात वर टाकलं.

मॉर्फिन परत सुरू झालं. आधी थोडं, मग जास्त. नोकरी महिन्याभरात सुटली. त्यांनी काढलं नाही, ह्यालाच तिथवर जाता येईना. ओट्याशी उभं राहणं संपलं. मग बैठकीतली खुर्चीही संपली, पलंग राहिला. कुशीवर वळताना दात आवळायचा, पण आवाज करायचा नाही. मला वाटायचं, चला, फार दुखत नसावं. आपल्याला सोयीचं असतं ते लगेच वाटतं.

मावशींना कळायला वेळ लागला नाही. एका शुक्रवारी चहाला आल्या, त्याला आत पडलेला बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन मला धरलं.

"औषध का बंद केलंस?"

"मी कुठे केलं? त्यानंच ठरवलं."

"मला शिकवू नकोस. मी त्याला ओळखते आणि तुलाही ओळखते."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "मावशी, तुमच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. साठ वर्षं झाली तुम्हाला. तुम्हाला काय कळणार आमचं? तुम्ही खुशाल गांजा घ्या आणि तुरुंगाचे विनोद करा. आम्हाला इथून हाकललं तर तुम्ही येणार आहात का सोडवायला?"

ब्याऐंशी वर्षांच्या बाईला बोलले मी हे, माझ्या घरात, हातात चहाचा कप असताना. त्यांनी कप खाली ठेवला. "आमचे हे गेले तेव्हा दुखण्यानं ओरडत गेले," म्हणाल्या. "तेव्हा हे औषध नव्हतं. असतं तर मी कुणाच्या बापाला घाबरले नसते." आणि निघून गेल्या. पुढचे दोन शुक्रवार आल्या नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी आल्या, त्याच्यासाठी सूप घेऊन. माझ्याशी तेवढ्यास तेवढं बोलल्या.

पाच वर्षं भरत आली आणि मी अर्ज केला. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला क्रॉयडनला जायचं होतं. हॅरोहून क्रॉयडन म्हणजे लंडनचं एक टोक ते दुसरं टोक. ट्रेन बदलताना जिन्यात तो दोनदा थांबला. ट्राममध्ये एका बाईनं उठून जागा दिली. त्याला बसताही येईना, उभंही राहता येईना, तो दांडीला लोंबकळून अर्धवट टेकला. मी घरून सगळं पाठ करून आले होते. औषधांबद्दल विचारलं तर काय बोलायचं, पोलिसाबद्दल विचारलं तर काय. त्यालाही तीनदा पढवलं होतं.

तिथल्या मुलीनं त्याला आधी खुर्ची दिली. चार बोटं ठेवा, मग अंगठा. चष्मा काढा, इकडे बघा. झालं. तिनं एकही प्रश्न विचारला नाही. उलट म्हणाली, तुमच्यासाठी लिफ्ट उघडून देते.

बाहेर आलो. थंडी मरणाची होती. तो भिंतीला टेकला आणि हसला. "एवढंच? यासाठी तू मला वेड्यासारखं पाठ करायला लावलंस?"

"निकाल यायचाय अजून."

समोरून ट्राम गेली. मग म्हणाला, "ऐक ना. आता सुरू करू का परत? थोडं?"

ही एक जागा आहे जिथे मी रोज परत जाते. झोपेतसुद्धा जाते. तो माझी परवानगी मागत होता. चाळिशी ओलांडलेला माणूस, स्वतःच्या नावाच्या औषधासाठी, भिंतीला टेकून. आणि मी म्हटलं, "इतकं काढलंस, अजून थोडं काढ. निकाल लागू दे."

"ठीक आहे," म्हणाला. घरी येईपर्यंत आम्ही ऑफिसातल्या त्या मुलीबद्दल बोललो. भली होती म्हणाला.

नंतर महिन्याभरात त्याला खोकला झाला. साधा खोकला, सगळ्या लंडनला झाला होता. मी हळद-दूध केलं. चौथ्या दिवशी तो श्वास मोजून घेतल्यासारखा घ्यायला लागला, ओठ निळसर दिसले, ॲम्ब्युलन्स बोलावली. न्यूमोनिया. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, सगळी औषधं सांगा. मी मॉर्फिन सांगितलं, रक्तदाबाची गोळी सांगितली. "आणखी काही?" मी म्हटलं, नाही. तेव्हासुद्धा नाही म्हटलं. घेत नव्हताच ना तो, खोटं कुठे बोलले.

सहा दिवस होता तिथे. सातव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला गेला. मी त्याच्या टाचेला तेल चोळत होते, कारण शुद्धीत असेपर्यंत पाय पाय करत होता. डॉक्टरीणबाई नंतर माझ्याशी फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, कोणत्याही एका गोष्टीला दोष देता येत नाही. महिनोन् महिने पडून राहणं, दुखण्याच्या जोरदार गोळ्यांनी श्वास उथळ होणं, खोकून कफ न निघणं, सगळ्याचं मिळून होतं. मी मान हलवत होते. मनातल्या मनात ती सगळी यादी मी पाठ करत होते, आणि प्रत्येक गोष्टीपाशी मला मीच उभी दिसत होते.

इथे माणूस गेला की लगेच नेत नाहीत. तारीख मिळावी लागते. त्याला जाऊन दहा दिवस झाले आणि अजून अग्नी दिला नव्हता. सोलापूरहून दीर फोनवर विचारतोय, वहिनी, दहावं कुठून धरायचं, गेला त्या दिवसापासून की नेऊ त्या दिवसापासून? मला काय माहीत. मी गुरुजींना फोन करायला म्हणून मोबाइल उघडला तर ईमेल आलेला. दोघांचेही अर्ज मंजूर. कायम राहायला परवानगी. त्याच्या नावाचं पत्र वेगळं होतं. मी ते उघडलं, वाचलं आणि हसायलाच लागले. मावशी शेजारी होत्या, त्यांनी मला घट्ट धरलं म्हणून थांबले.

सगळं उरकल्यावर जी कामं असतात ती निघाली. बँक, फोन, जीपी. मावशी रोज दुपारी येऊन माझ्याबरोबर बसायच्या, फॉर्मवरचं इंग्रजी त्यांना माझ्यापेक्षा बरं यायचं. एक दुपार क्लिनिकला कळवायची होती. त्याच्या खात्याचा पासवर्ड मला माहीत होता, आमचं तसलं काही लपलेलं नव्हतं. क्लिनिकचे निरोप उघडले तर शेवटी जे होते ते मी कधी बघितले नव्हते.

मी बंद कर म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं क्लिनिकला लिहिलं होतं. आमचा राहण्याचा अर्ज आहे, स्टेशनात पोलिसानं नाव घेतलं, या औषधानं अर्जाला काही होईल का. त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलेलं. तुम्ही कायद्यानं दिलेलं औषध घेत आहात, अटक नाही, गुन्हा नाही, लपवण्यासारखं काही नाही. काळजी असेल तर वकिलाला जरूर विचारा. सोबत पत्र जोडलं आहे, कुणी विचारलं तर दाखवा. पत्र होतं. सहीशिक्क्याचं.

त्याच्याखाली त्याचं उत्तर. इंग्रजी साधं होतं त्याचं, पण नीट लिहायचा. लिहिलं होतं, पत्राबद्दल आभार. माझी शंका गेली. पण हे मी बायकोला दाखवणार नाही. दाखवलं तर ती घे म्हणेल, आणि मग निकाल येईपर्यंत रोज दाराकडे बघत बसेल. ती जेवत नाहीये. पायाची मला सवय आहे, तिचं हे मला बघवत नाही. काही महिन्यांचा प्रश्न आहे. तोवर औषध पाठवू नका.

मी वाचत होते आणि अक्षरं जागेवर राहीनात. मला तो हवा होता. त्या क्षणी, समोर, भांडायला. गाढवा, दाखवायचं होतंस ना पत्र! मी ओरडले असते, रडले असते, चार दिवस उपाशी राहिले असते, काय बिघडलं असतं? मेले असते का मी? क्रॉयडनच्या भिंतीशी खिशात ते उत्तर असताना मला विचारत होतास, सुरू करू का? मावशी म्हणाल्या, "काय गो, काय लिहिलंय?" मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

त्याच्या त्या उत्तरानंतर क्लिनिकनं त्याच्या नोंदीत एक ओळ घातली होती, तीही खाली दिसत होती. औषध बंद: रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेनं.

मला पेशंट वारल्याचं कळवायचं होतं. ते मी कळवलं. मग खाली लिहिलं, तुमच्या नोंदीत एक चूक आहे. त्याची अशी इच्छा नव्हती. औषध मी बंद करायला लावलं, त्याची बायको. कृपया तेवढं दुरुस्त करा.